सातविणीच्या माळाखाली

“नकाशात पांढरी जागा सोडायची नाही.”

“आणि माहीत नसेल तर, सर?”

“तरी सोडायची नाही.”

“का?”

खानविलकर सरांनी ब्लेडने पेन्सिलीला टोक काढायला घेतलं. टोक निघालं. लाकडाच्या कुरळ्या साली टेबलावर पडल्या, त्या सरांनी फुंकर मारून खाली उडवल्या.

भूशास्त्र विभागात हा नियम सगळ्यांना पाठ होता. त्याला ‘का’ विचारायचं नाही, हाही नियमच होता. कुठल्या नळाला सकाळी पाणी येतं हे जसं वसतिगृहात जुन्या मुली नव्या मुलींना सांगतात, तसा तो वरच्या वर्गाकडून खालच्या वर्गाकडे यायचा आणि मुकाट्याने पाळला जायचा.

आसावरी दुसानेने तो ‘का’ दोनदा विचारला. तिसऱ्यांदा विचारणार, तेवढ्यात तास संपला.

“तुला घाई फार,” सर जाताजाता म्हणाले.

“तुम्हाला नाही, मग कुणाला तरी असायला नको?” ती म्हणाली. पण सर दाराबाहेर पडल्यावर म्हणाली.

नियम तिने पाळला. न पाळून सांगते कुणाला? नकाशावर बोटभर जागाही कोरी ठेवली, तर सर तो कागद परत करायचे. जिथे आपण चालून गेलो, खडक फोडून पाहिला, तिथे थराची कड सलग रेघेने काढायची. जिथे जाता आलं नाही, झाडी आडवी आली, दरी आली, तिथे आजूबाजूचं बघून अंदाज बांधायचा, रंग भरायचा आणि कड तुटक रेघेने दाखवायची. तुटक रेघ म्हणजे ‘बहुधा’.

आणि माती ओळखायची असेल तर जिभेला लावायची. सर स्वतः लावायचे. चिकणी माती जिभेला चिकटते, नुसती धूळ असेल तर चिकटत नाही. पहिल्या सहलीला मुलं तोंडं वाकडी करायची. आसावरीने केलं नाही. तिने माती चाखली, थुंकली आणि विचारलं, “याला यंत्र नाही का निघालं अजून?”

“निघेल,” सर म्हणाले होते.

निघालं. निदान आसावरीच्या मते निघालं होतं.

आसावरी पुढे त्याच विभागात शिकवायला लागली, सर निवृत्त झाले. विभागाच्या मागच्या बाजूला खडकांच्या नमुन्यांची एक अंधारी खोली होती, ती रिकामी झाली. तिथली कपाटं व्हरांड्यात गेली, फरशीवर काळा रबरी गालिचा आला, भिंतीवर मोठा पडदा आला, आणि आसावरी त्या खोलीची जवळजवळ मालकीण झाली. डोळ्यांवर गॉगल चढवायचा, दोन्ही हातांत एकेक रिमोट घ्यायचा आणि सरळ डोंगरात शिरायचं. ड्रोनने काढलेले हजारो फोटो जोडून तिने डोंगराची कातडी बनवली होती. बोअर मारून वर काढलेले खडकांचे गोल तुकडे, जमिनीत वीज सोडून घेतलेली मोजमापं, जुने नकाशे, सगळं त्यात ओतून आतली हाडंमांसं भरली होती. मुंगी वारुळात फिरते तसं माणूस डोंगरात फिरू शकत होता.

“पेन्सिलीचे दिवस गेले,” ती नव्या मुलांना सांगायची. मुलं माना डोलवायची. मुलं तर काय, कशालाही माना डोलवतात.

पहिलंच मोठं काम आलं ते आंबेखोलचं.

घाटाखालच्या या वाडीवरच्या डोंगराला मागच्या पावसात भेगा पडल्या. माणसं रातोरात शाळेत हलवली, ती अजून तिथेच होती. एका वर्गात तीन-तीन कुटुंबं, मधे लुगड्यांचे पडदे. नाल्यापलीकडे सातविणीचा माळ होता, चांगला सपाट, उन्हाचा. नवी घरं तिथे बांधावीत असं सगळ्यांनाच वाटत होतं.

प्रश्न एकच होता. त्या डोंगरात काळ्या कातळाच्या दोन थरांमधे तांबड्या मातीचा एक पातळ थर आहे. कोरडा असला की विटेसारखा टणक. पाणी मुरलं की साबण. मग वरचा कातळ त्याच्यावरून घसरायला बघतो. आंबेखोलवरचा डोंगर असाच घसरायला लागला होता. आता हा तांबडा थर नाल्याशी संपतो, की नाल्याखालून पलीकडे सातविणीच्या माळापर्यंत जातो? संपत असेल तर घरं बांधायची. जात असेल तर बांधायची नाहीत.

आसावरीच्या मॉडेलमधे तो नाल्याशी संपत होता. स्वच्छ, सुरेख, सुरीने कापल्यासारखा. पलीकडे सगळा काळा कातळ.

माळावर एखादा बोअर मारून बघायचा का, असं पुनर्वसन समितीने मागे एकदा विचारलं होतं. यंत्र नाल्यापलीकडे न्यायला रस्ता नव्हता, तो आधी करावा लागला असता.

“गरज नाही,” आसावरीनेच सांगितलं होतं. “सगळं दिसतंय की.”

शेवटच्या बैठकीच्या आदल्या दिवशी दुपारी खानविलकर सर काठी टेकत आले. समितीने त्यांना सल्लागार म्हणून घेतलं होतं. त्या डोंगराचा जुना नकाशा त्यांनीच तरुणपणी पायी फिरून काढलेला होता.

गॉगल त्यांनी हातात घेऊन उलटासुलटा पाहिला.

“हे डोळ्यांवर बांधायचं?”

“हो सर.”

“म्हणजे डोंगर बघायला आधी डोळे झाकायचे.”

“बघा तर खरं. मग बोला.”

तिने सरांच्या चष्म्यावरून गॉगल चढवला, मागचा पट्टा आवळला. सरांची काठी तिने कोपऱ्यात ठेवली. पडद्यावर ते जे बघत होते तेच तिला दिसत होतं. सर दोन पावलं चालले आणि एकदम खाली वाकले.

“वाकता कशाला सर? वर काही नाही.”

“आहे की. कातळ आहे.”

“तो खोटा आहे.”

“खोटा?”

“म्हणजे… खरा आहे. पण इथे नाही.”

“हं…” सर म्हणाले, आणि वाकूनच पुढे गेले.

तांबड्या थरापाशी ते थांबले. हात पुढे केला, हवेत दोन बोटं घासली आणि सवयीने जिभेला लावली. दारातून डोकावणारी मुलं फिसकन हसली. आसावरीलाही हसू आलं, ते तिने आवरलं नाही.

“चव नाही लागत,” सर म्हणाले.

“ती पुढच्या वर्षी येईल, सर.”

सरही हसले. मग थराच्या कडेकडेने चालत राहिले. पुढे नाला आला. तांबडा थर संपला. समोर काळ्या कातळाची उंच भिंत.

सर उभे राहिले.

“पुढे या ना सर. आता सातविणीचा माळ. आपण त्याच्या खाली आहोत.”

सर हलले नाहीत.

“हे काय आहे?”

“कातळ.”

“कुणी सांगितलं?”

“तुम्ही.”

“मी? कधी?”

“तुमच्याच नकाशावरून घेतलंय. तांबडा थर इथे संपतो, अशी रेघ आहे तुमची.”

“कसली रेघ आहे?”

आसावरीला प्रश्न कळला. कळला म्हणूनच ती लगेच बोलली नाही.

“तुटक,” ती म्हणाली.

“मग ही भिंत सलग कशी?”

“सर, सॉफ्टवेअरला तुटक रेघ कळत नाही. त्याला कड लागते. आतबाहेर ठरवायला काहीतरी पक्कं द्यावं लागतं… सगळेच तसं करतात.”

“सगळेच.”

“हो.”

आसावरीचे कान तापले. म्हाताऱ्यांचं हेच, तिला वाटलं. आपण अख्खा डोंगर उभा करून दाखवावा आणि यांनी त्यातला एक ढिला खिळा शोधावा.

“तुम्हीच शिकवलंत,” ती म्हणाली. “पांढरी जागा सोडायची नाही.”

“शिकवलं.”

“मग मी तेच केलं.”

“केलंस,” सर म्हणाले. “आता एक कर. आपण जे ठरवलंय ते सगळं काढून टाक. जे पाहिलंय तेवढंच ठेव.”

“म्हणजे?”

“म्हणजे तेच.”

तिने कॉम्प्युटरवर बसून एकेक थर बंद केला. आधी तांबडा. मग खालचा कातळ, वरचा कातळ. शेवटी डोंगराची कातडी. बटणं दाबायला दोन मिनिटंही लागली नाहीत.

सरांनी गॉगल काढला आणि तिच्यापुढे धरला.

“तू घाल.”

तिने घातला.

डोंगर नव्हता. काळोख होता. त्या काळोखात बोअरच्या जागी काड्या लोंबत होत्या. बारीक, लांब, इकडे एक, तिकडे दोन. वाडीच्या बाजूला त्यातल्या त्यात दाटी होती. प्रत्येक काडीवर मधेच एक तांबडा ठिपका. नाल्याच्या अलीकडे शेवटची काडी. पलीकडे काहीच नाही. वर नाही, खाली नाही, लांबवर नाही. इतके महिने ती या डोंगरात रोज फिरली होती, आणि हे तिने एकदाही पाहिलं नव्हतं.

“आता चाल,” सरांचा आवाज आला.

“कुठे?”

“माळाखाली.”

पायाखाली रबरी गालिचा आहे, त्याखाली फरशी आहे, फरशीखाली तळमजला आहे, हे तिला पक्कं माहीत होतं. तिने पाय उचलला. पाय पुढे पडेना. तिने पुन्हा उचलला… आणि होता तिथेच ठेवला.

“चालवत नाही,” ती म्हणाली.

कोपऱ्यातून काठी घेतल्याचा आवाज झाला. तिने गॉगल काढला तेव्हा खोलीत कुणी नव्हतं. दारातली मुलंही गेली होती.

दुसऱ्या दिवशी बैठक त्याच खोलीत भरली. खुर्च्या मांडल्या, पाण्याच्या बाटल्या ठेवल्या. अध्यक्ष धुरी साहेब, निवृत्त इंजिनियर, कामाचा झपाटा असलेला माणूस. दोन सभासद, जे धुरी साहेबांच्या आधी कधी बोलत नसत. वाडीच्या वतीने राघोतात्या, डोक्याला स्वच्छ टोपी. आणि टोकाच्या खुर्चीत खानविलकर सर.

राघोतात्यांना आधी गॉगल घालून दाखवायचं ठरलं होतं.

“अगं आयऽऽ!” तात्या ओरडले. “ह्यो तर आमचा आंबा! आन् ह्ये माजं घर. कौल फुटलाय तो बग, आजून तसाच हाय.”

“चला तात्या, नाला ओलांडू,” आसावरी म्हणाली.

“वलांडला. माळ आला. काय सपाट हाय गो! आता बांदूया म्हटलं तर आता बांदू.”

“आता मी तुम्हाला जमिनीखाली नेते. घाबरू नका.”

“घाबरतोय कोन?”

तिने त्यांना माळाखाली नेलं. तात्यांचे दोन्ही हात एकदम हवेत गेले, मग चाचपडत त्यांना धुरी साहेबांची बाही सापडली. ती त्यांनी घट्ट धरली.

“बाय… मला वर घे. वर घे लौकर.”

तिने गॉगल काढून घेतला. तात्या मटकन खुर्चीत बसले आणि टोपी काढून घाम पुसू लागले.

धुरी साहेब पडद्याकडे बघत होते. नाल्याच्या अलीकडे रंगीत थर होते. पलीकडे, माळाखाली, काळं भगदाड.

“पडदा बिघडलाय का तुमचा?”

“नाही साहेब. तिथे काय आहे ते माहीत नाही. म्हणून काही दाखवलं नाही.”

“मागच्या बैठकीत तिथे कातळ होता.”

“होता.”

“मग गेला कुठे?” धुरी साहेबांनी सभासदांकडे पाहिलं. सभासद हसले. “चोरीला गेला?”

“तो तिथे कधी नव्हताच. मी नेऊन ठेवला होता.”

हसणं थांबलं.

“बाई, तुम्हीच म्हणालात, बोअरची गरज नाही. सगळं दिसतंय.”

“म्हणाले होते. माझी चूक झाली. दिसत होतं ते आम्ही भरलेलं होतं. माळावर बोअर मारायला हवा, साहेब. एक नाही, तीन-चार.”

“आणि यंत्र? ते काय उडत जाणार?”

“नाल्यावरून आधी रस्ता करावा लागेल.”

“पाऊस महिन्यावर आलाय. रस्ता करायचा, मग यंत्र न्यायचं, मग बोअर, मग तुमचा अहवाल. म्हणजे दिवाळी. आज ठरलं तर उद्यापासून जोती धरता येतील, निदान अर्धी घरं तरी पावसाआधी पत्र्याखाली येतील. आणि शाळा आहे. मुलांना जूनमधे वर्ग नकोत?”

“हवेत.”

“मग?”

धुरी साहेबांचं सगळं खरं होतं, आणि तेच जास्त चीड आणणारं होतं.

“खाली काय का आसंना,” राघोतात्या हळूच म्हणाले. “वर तर बरं हाय नव्हं?”

“तात्या, जुन्या वाडीतही वरून सगळं चांगलंच होतं,” आसावरी म्हणाली.

“अहो, लोक दहा महिने एका फळ्याखाली झोपतायत,” धुरी साहेबांचा आवाज चढला. “तुमच्या ह्या काळ्या डागासाठी त्यांना आणखी किती थांबवायचं? काल तुमचा कातळ, आज तुमचा काळोख. शास्त्र आहे का खेळ?” मग ते टोकाच्या खुर्चीकडे वळले, आवाज उतरला. “सर, तुम्ही सांगा. तुमची हयात गेली या डोंगरांत. तुम्ही एक शब्द द्या, मी सही करतो.”

सगळे सरांकडे बघायला लागले. आसावरीही. तिला एकदम हलकं वाटलं. काल भिंतीपुढे उभा राहून एक पाऊल न टाकणारा माणूस आता ते सांगेल, आणि त्यांचं हे लोक ऐकतील.

सर टेबलाकडे बघत होते.

“तिथे कातळ आहे,” ते म्हणाले.

आसावरीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

“माझी रेघ आजवर चुकलेली नाही,” सर म्हणाले. “तुटक असो, सलग असो. आसावरी, रंग भर.”

“सर?”

“पांढरी जागा सोडायची नाही, शिकवलंय ना तुला? मग काळी तरी कशाला? भर रंग. माझ्या नावावर.”

खोलीतली हवाच बदलली. सभासद खुर्चीत मागे रेलले. धुरी साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. राघोतात्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली, दोन्ही हातांनी नीट बसवली आणि सरांना तिथूनच नमस्कार केला.

रिमोट आसावरीच्या हातात होता. एक बटण. ते दाबलं की भिंत परत उभी राहणार, काळी, चकचकीत, वाकून जावं इतकी खरी. मागच्या बैठकीत ती जे बोलली होती तेही खरं ठरणार. तिची चूक कुणाला आठवणारसुद्धा नाही. उद्या काही झालंच तर नाव सरांचं. आणि काही होणारही नाही कदाचित. कदाचित खाली खरंच कातळ असेल.

कदाचित.

तिने सरांकडे पाहिलं. सर अजून टेबलाकडेच बघत होते. हा माणूस माझी परीक्षा बघतोय का? की चार लोकांनी ‘सर, सर’ केल्यावर विरघळला? चेहऱ्यावरून काही कळेना. आणि मग तिच्या लक्षात आलं की ते कळलं काय, न कळलं काय, माळाखाली जे असेल ते त्याने बदलत नाही.

तिने रिमोट टेबलावर ठेवला.

“नाही,” ती म्हणाली.

“काय नाही?” धुरी साहेबांनी विचारलं.

“रंग भरणार नाही.”

“अहो, सर स्वतः सांगतायत!”

“ऐकलं मी. सरांच्या नावावर घरं उभी राहत नाहीत, साहेब. जमिनीवर राहतात. आणि ती जमीन कुणी पाहिलेली नाही. सरांनी नाही, मी नाही, तुम्ही तर नाहीच नाही.”

“तोंड सांभाळून बोला. कुणापुढे बोलताय? ज्यांनी तुम्हाला शिकवलं…”

“त्यांनीच काल मला माळाखाली चालायला सांगितलं, साहेब. मला चालता आलं नाही. खाली गालिचा होता, तरी पाय पुढे पडेना. तात्यांनी तुमची बाही धरली, ती तुम्ही पाहिलीत. इथे, खुर्च्यांच्या मधे, आपण एक पाऊल टाकायला घाबरतो, आणि तिथे लोकांना अंथरूण घालून झोपा म्हणायचं? का? तर सरांना वाटतं म्हणून. त्याआधी मला वाटत होतं म्हणून. वाटणं पुरे झालं आता.”

“आणि मी हे दुसऱ्या कुणाकडून भरून घेतलं तर?”

“घ्या. बटण तिथे आहे, कुणीही दाबू शकतं. मी शेजारी उभी राहून सांगेन, हे भरलेलं आहे. इथे सांगेन, शाळेत जाऊन सांगेन, वर्गावर्गातून सांगेन. मग घाला जोती.”

एक सभासद खाकरला. कशासाठी ते त्यालाही माहीत नसावं.

“बाय,” राघोतात्या म्हणाले. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. “मंग पावसात आमी परत शाळंतच?”

गोड बोलायला तिला कधीच जमलं नव्हतं. आता जमावं असं फार वाटलं, पण जमलं नाही.

“हो, तात्या. शाळेतच.”

“आन् तुला ठाव नाय, खाली काय हाय त्ये?”

“नाही.”

तात्यांनी धुरी साहेबांकडे पाहिलं. “सायबानूं, तुमाला?”

धुरी साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. काढलं. पुन्हा लावलं. सभासद आपापल्या पाण्याच्या बाटल्यांवरची अक्षरं वाचायला लागले. तात्या वाट बघत राहिले. त्यांची नजर एकेकाच्या तोंडावरून टोकाच्या खुर्चीतल्या सरांपर्यंत आली, आणि तिथेच थांबली.



आसावरी उभीच होती. मान खाली घालावी असं काही तिला वाटत नव्हतं. तिने हात पाठीमागे घेतले.

खानविलकर सरांनी टेबलावरची नजर काढली. काठी ओढून घेतली, तिच्यावर दोन्ही हात ठेवले आणि धुरी साहेबांना म्हणाले,

“बोअर कुठे मारायचा, ते हिला विचारा.”